जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरचे (गाडीच्या कंपनीचे नसलेले) एक्झॉस्ट हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप, घरीच बसवता येतील का?

येतील, पण अर्धा दिवस जुने नट सोडवण्यातच जातो. आदल्या रात्री, इंजिन गार असताना, मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या धुराच्या मूळ नळ्यांच्या) नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. घाईत पिळलंत तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) इंजिनच्या हेडमध्येच तुटतो, मग लेथवाल्याकडे वारी ठरलेली! धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बहुतेकदा 22 च्या पान्याने निघतो. गॅस्केट (जोडातून गळती रोखणारी चकती) नवीनच घाला. नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा, इंजिन एकदा तापून गार झालं की पुन्हा. नंतर थंड इंजिनला टिकटिक ऐकू आली तर बहुधा गॅस्केटपाशी गळती आहे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) मॅनिफोल्डलाच जोडलेला असेल तर मात्र नाद सोडा, पीयूसीला अडकाल.