जोतिबाला एकटा निघण्याआधी

प्रिय बाळा,

सायकल घेऊन एकट्यानंच जोतिबाचा डोंगर चढायचं तू ठरवलंयस, हे तुझ्या आईकडून कळलं. मी तुला थांबवावं अशी तिची इच्छा दिसली. मी थांबवणार नाही. पायात ताकद आहे, सायकल चांगली आहे आणि डोंगर कोल्हापुरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. आज ना उद्या तू जाणारच. फक्त निघण्याआधी हे पत्र नीट वाच.

तुला चढाची धास्ती आहे, मला उताराची. चढावर दम लागला तर माणूस उतरतो, सायकल ढकलतो, पुन्हा बसतो. उतारावर तोल गेला की मनगट नाहीतर गळ्याजवळचं हाड मोडतं. आणि हा उतार येतो कधी, तर मांड्या थरथरत असताना, पाणी तळाला गेलेलं असताना आणि जमलं एकदाचं या आनंदात. सोबत कुणी असेल तर तो मागून ‘हळू रे’ म्हणून ओरडतो. एकट्याला हे ओरडणं घरूनच बरोबर न्यावं लागतं. म्हणून चढताना सगळा दम खर्ची घालू नकोस. माथ्यावर पोचल्यावर, अजून थोडा चढ असता तरी चाललं असतं असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर तिथं अर्धा तास बसायचं, आणि मगच खाली निघायचं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फुटांवर आहे, जोतिबा ३१०० फुटांच्या आसपास. ही उंची जवळजवळ सगळी केर्ली फाटा सोडल्यावर मिळवायची असते. शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना ऊस, आणि हमखास तिथंच नवी पोरं वेग काढतात. तू काढू नकोस. तो रत्नागिरीचा रस्ता आहे, गाड्या सुसाट येतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, रस्त्यावर पाचट आणि कांड्या पडलेल्या असतात. त्यांच्यावरून पुढचं चाक गेलं की सरकतं. पावसाळ्यात तर जाऊच नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हा रस्ता पाण्याखाली होता हे तू पाहिलंयस. ऑक्टोबरमध्ये गवत गुडघ्याएवढं असतं, दगड दिसत नाहीत आणि कुसळं मोज्यातून आत टोचतात. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गियर टाक. पाय जड झाल्यावर जोर लावून गियर बदललास तर चेन कडाडते, कधी तुटतेही. सीटच्या पुढच्या टोकावर सरक, कोपरं खाली, आणि बोलता येईल एवढाच श्वास. एखादं वाक्य मोठ्यानं म्हणून बघ. मध्येच तुटलं तर वेग जास्त आहे. रस्त्यात चालत जाणारे भाविक भेटतील. त्यांना लांबूनच आवाज द्यायचा, अंगावर जाऊन घंटी वाजवायची नाही. त्यांनी ‘चांगभलं’ म्हटलं तर तूही म्हण.

माथ्यावर देवाला जा, पाणी भरून घे. गूळ-शेंगदाणे खा, ते खिशात वितळत नाहीत आणि लवकर अंगी लागतात.

आता उतार. परतताना डांबरी रस्ता सोडून गुराख्यांच्या पायवाटेनं उतरायचा तुझा बेत आहे, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

खाली निघण्याआधी सीट तीन-चार बोटं खाली घे. दोन्ही ब्रेक दाबून बघ. लिव्हर हँडलला टेकत असेल तर पायवाट विसर, डांबरी रस्त्यानं ये. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे आधी पक्कं माहीत हवं. आपल्याकडे बहुतेक उजव्या. टायरमधली हवा जरा कमी केलीस तर मुरमावर पकड मिळते. मात्र ट्यूबचा टायर असेल तर पंपाच्या काट्यावर ३० पीएसआय दाबाच्या फार खाली जाऊ नको. दगडावर आपटला की रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मग पंक्चरची एक पट्टी पुरत नाही.

मुरूम म्हणजे कडक जमिनीवर पसरलेले हरभऱ्याएवढे खडे. सरळ वाटेवर ते चाकाखालून आवाज करत निघून जातात. वळणावर तू पुढचा ब्रेक धरलास की चाक थांबतं, खाली खडे मात्र फिरतच राहतात, आणि हँडल एकदम हातातून आत वळतं. तेवढ्यात माणूस जमिनीवर असतो. उसाची भरली ट्रॉली घेऊन उताराला लागणारा ट्रॅक्टरवाला बघ. तो वरच्या वरच खालचा गियर टाकतो, अर्ध्या उतारात धडपड करत नाही. तसा तू वळणाच्या आधी, सरळ वाटेवरच, दोन्ही ब्रेकनी वेग मोड. वळणात बोटं सैल. दोन्ही पॅडल समान उंचीवर, टाचा खाली, ढुंगण सीटच्या मागं, आणि नजर वाट जिथून बाहेर निघते तिथं. दगडाकडे बघत राहिलास तर सायकल दगडावरच जाते.

हाताला गोळे यायला लागले, ब्रेकची बोटं बधिर झाली, की थांब. थांबल्यावर ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकाजवळच्या चकतीला, हात लावू नको, चटका बसतो. एखादा टप्पा नको वाटला तर उतरून चाल. तिथं तुला बघणारं कुणी नाही, एकटं जाण्यातली ही मोठी सोय आहे. मला तर एकट्यानं डोंगर हिंडणं याचसाठी आवडतं. कुणाच्या वेगाला वेग जुळवायचा नसतो, आणि थांबलं की वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, पश्चिमेला पन्हाळा दिसतो.

या भागात गवे फिरतात. दिसला तर लांबच थांब, आवाज करू नको, फोटोसाठी पुढं जाऊ नको, आल्या वाटेनं मागं फिर.

सामानात एक जादा ट्यूब, पंप, पान्ह्यांचा संच, चेनची जोडकडी, दोन लिटर पाणी, जखमेवर बांधायची पट्टी आणि चार्ज केलेला फोन. कोणत्या वाटेनं चढणार, कोणत्या वाटेनं उतरणार आणि किती वाजेपर्यंत केर्लीत येणार, हे कागदावर लिहून आईला दे. ती वेळ टळली तर तिनं मला फोन करायचा, असं आमचं ठरलंय. गरज पडली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. रविवार टाळ, तो जोतिबाचा वार, गर्दी असते आणि रस्त्यावर सांडलेला गुलाल दवानं निसरडा होतो. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर सायकल काढायचीच नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी सायकल घेऊन माझ्याकडे ये. मागचे ब्रेक पॅड झिजल्यासारखे वाटले होते मला परवा. नवे टाकू, आणि आपल्या गल्लीतल्या उतारावर चार-पाच वेळा दाबून बघू.

तुझा,
काका