रानटी ट्युलिपचे कंद आणून पुण्यात लावले, तर ती जात वाचेल का?

मध्य आशियातल्या डोंगरांवरचे रानटी ट्युलिप कमी होत चाललेत, तर त्यांचे थोडे कंद मागवून पुण्यात गच्चीवर लावले तर ते वाचतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही वाचणार. उलट डोंगरावरून उकरलेला कंद कुणी विकत असेल, तर तो घेऊन आपण उकरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळवून देतो.

बागेतले डच ट्युलिप मी पुण्यात करून पाहिलेत. फुलायला कंदाला साधारण तीन महिने सलग गारठा लागतो, आणि आपली थंडी म्हणजे पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. म्हणून कंद फ्रिजमध्ये ठेवले, सफरचंदांशेजारी. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने आतली कळी मरते, हे नंतर समजलं. पानं झकास आली, फूल एकही नाही. घरात त्यांचा उल्लेख अजून ‘ते महागडे कांदे’ असा होतो.

रानटी जातींचं गणित तर फारच नाजूक. तियानशान आणि पामीर-अलाय हे डोंगर म्हणजे ट्युलिपचं माहेर. हिवाळाभर बर्फाखाली राहायचं, बर्फ वितळला की थोड्या आठवड्यांत पान, फूल, बी सगळं उरकायचं आणि कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली झोपून जायचं. जुना कंद दरवर्षी संपतो, त्याच्या जागी नवा भरतो. तो भरतो मोजक्या दोन-चार पानांच्या जिवावर. मेंढीने ती खाल्ली, किंवा कुणी जुडी बांधायला दांडा पानांसकट ओढला, की पुढच्या वर्षीची शिदोरीच गेली. बियांपासून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात आणि बी पडतं आईच्या आसपासच. हवा तापतेय तसं या झाडांनी वर सरकायला हवं, पण या चालीने किती सरकणार? आणि माथ्यापर्यंत पोचल्यावर पुढे कुठे जाणार?

तापमान एका गावाच्या हातात नाही, चराई मात्र आहे. किर्गिझस्तानात सोव्हिएत काळानंतर लांबच्या कुरणांवर कळप नेणं कमी झालं आणि गावाजवळच्या उतारांवर ताण वाढला. २००९च्या कायद्याने तिथे कुरणांचा कारभार गावच्या समित्यांकडे आला. माझ्या मते खरी किल्ली या समित्यांकडेच आहे: फुलोऱ्यापासून बी पडेपर्यंत तेवढा उतार मोकळा ठेवायचा, मग खुशाल मेंढ्या सोडायच्या.

चराईबंदी म्हटलं की आपल्याला कायमची बंदीच आठवते. पण कासवर काय झालं ते बघा. पठाराला कुंपण घातलं, गुरं थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. प्रश्न गुरांपेक्षा वेळेचा आणि संख्येचा असतो.

बागेत जपणूक निरुपयोगी आहे असं नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात रानटी ट्युलिपचा मोठा संग्रह आहे. पण तिथे प्रत्येक रोप कुठल्या डोंगरावरचं याची नोंद असते. शेजारी लावलेल्या जातींचा संकर होऊ नये म्हणून जपावंही लागतं. गच्चीवरच्या कुंडीत हे जमणारं काम नाही.

हात शिवशिवत असतील तर सह्याद्रीतच पुष्कळ काम आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती मोजक्याच डोंगरांवर उरल्यात, आणि त्याही कंदावरच जगतात. पावसाळ्यात दिसली तर फोटो काढा, पण टाकताना किल्ल्याचं नाव लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं. पुढच्या वर्षी गेलो तर त्या जागी वीतभर खड्डा. साळिंदरालाही ते कंद आवडतात, त्यामुळे त्याचंच काम असेल कदाचित. पण खड्ड्याच्या कडा फार सरळ होत्या.