रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग मी अशी का?

ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय, की हल्ली फाईल उघडायच्या आधीच तो मला ऐकू येतो. विचारणाऱ्या बहुतेक पस्तीस ते पन्नासच्या. थायरॉइड कमी पडतंय हे कळून सहा महिने-वर्ष झालेलं, रोज सकाळी गोळी चालू, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) खाली आलेला. डॉक्टर म्हणतात छान. घरचे म्हणतात, चला, सुटलो. आणि बाई दुपारी तीन वाजता ऑफिसात बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत उभी.

एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ४३, घर वर्तकनगरला, नोकरी दादरला. त्यांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले, दुकानात बिल चुकलं की आपण मांडतो तसे. आधीचा टीएसएच १८, आताचा २.६.

"घरी काय म्हणतात?"

"हे म्हणतात, आता नॉर्मल आहे ना! मी आजारी होते तेव्हा रात्रीची भांडी हे लावायचे. रिपोर्ट आला त्या दिवसापासून बंद."

मी हे वहीत टिपलं. का टिपलं, ते मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं.

माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. आपल्याला जे त्रास देतं ते घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट, असा तिचा गाभा. मराठीत काम करताना एक सोय होते, ती म्हणजे आपला 'च'. "मला पूर्वीसारखं वाटायलाच हवं." हा 'च' पकडण्यात माझा हात बसलेला आहे, हे मी उगाच विनयाने नाकारणार नाही. पहिल्या दोन भेटींत मी तेच केलं. आणि चुकलेच.

तिसऱ्या भेटीला ताई जिना चढून आल्या आणि बराच वेळ बोलूच शकल्या नाहीत. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे, अठरा पायऱ्या. समजुतीमुळे अशी धाप लागत नाही. हिमोग्लोबिन कधी तपासलं, तर आठवेना. डॉक्टरांकडे परत पाठवलं. ८.९ निघालं. थायरॉइड कमी असताना कित्येकींना पाळीत रक्तस्राव जास्त होतो. ताईंचा दोन वर्षं होत होता. 'वय झालं' म्हणून त्यांनी तो कुणाला सांगितलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम ठरलाय. टीएसएच नॉर्मल असून थकवा जात नसेल, तर मनाकडे वळण्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर बघून घ्यायची. झोपेत जोरात घोरता का, हे घरच्यांना विचारायचं. आणि गोळी नेमकी कशी घेता ते करून दाखवायला सांगायचं. ताईंनी दाखवलं. पाचला उठून एका हाताने कणीक मळता मळता दुसऱ्या हातातल्या चहाबरोबर! ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. म्हणजे ताईंना आता सुरू झालेली लोहाची गोळी सकाळी नाही, दुपारच्या डब्यानंतर. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवून तीन तास झाल्यावर घेतलेलीही चालते, पण ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाटली गॅसवरच्या फळीवर ठेवू नये, उष्णता आणि वाफ दोन्ही वाईट.

दुसरी गोष्ट धीराची. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी तपासतात. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. रक्तातला आकडा आधी सुधारतो. केस, त्वचा, अंगातला जोर, मनाची उभारी मागून येतात, कधी कधी कित्येक महिन्यांनी. आणि नियमित गोळी घेऊन, आकडा ठीक असूनही साधारण ५ ते १० टक्के लोकांची काही लक्षणं उरतात, हे वैद्यकशास्त्रही मान्य करतं. वजनाचं म्हणाल, तर थायरॉइडमुळे वाढलेले किलो थोडेच असतात आणि त्यात पाणी-मीठ बरंच असतं. सगळा भार त्याच्या माथी मारता येत नाही. लवकर बरं वाटावं म्हणून आपल्या मनाने डोस वाढवणाऱ्याही मी पाहिल्यात. छातीत धडधड, झोप उडालेली, पुढे हाडं ठिसूळ. ते करू नका.

"आयुष्यभर गोळी?" म्हणून कुणी रडवेलं झालं की मी १८९१ ची हकिकत सांगते. जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईवर पहिल्यांदा असा उपचार केला. ती पुढे २८ वर्षं जगली. आपल्याला तर चिमुकली गोळी मिळतेय, तक्रार मेंढीने करावी.

ताईंचं हिमोग्लोबिन चढू लागलं, धाप कमी झाली. पण चेहरा तसाच. सहाव्या भेटीत मी सहज विचारलं, "संध्याकाळी लोकलमध्ये बसायला मिळतं का?"

"नाही. दादरपासून ठाण्यापर्यंत उभी."

"कुठे उतरणार, असं विचारून कुणाची जागा धरून ठेवत नाही? सगळ्याच विचारतात."

"पूर्वी विचारायचे. तिघींच्या बाकावर चौथीची फोर्थ सीटसुद्धा मागायचे, थायरॉइड आहे हो म्हणून."

"मग आता?"

"आता काय सांगून मागू?"

"सांगायला काही लागतं का?"

"कारण नको का?"

"'थकलेय' हे कारण नाही?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत होता, ती संपेपर्यंत आम्ही दोघी गप्प. मग ओढणीने डोळे पुसत म्हणाल्या, "मॅडम, आजारी होते तेच बरं होतं. तेव्हा बसता तरी येत होतं."

वहीतली भांडी मला तेव्हा कळली. मी दोन भेटी त्यांच्या 'पूर्वीसारखं वाटायलाच हवं' या 'च'शी झुंजत होते. खरा 'च' दुसरीकडेच होता: दमायचं तर कागद हवाच. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्यांची विश्रांतीची परवानगीच रद्द झाली. नवऱ्याने रद्द केली त्याआधी त्यांनी स्वतः. आईला, सासूला त्यांनी तापाशिवाय पडलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या पिढीतल्या किती बायकांचं हे असंच आहे, आणि मीही त्यातलीच, हे त्या रात्री घरी ओटा पुसताना जाणवलं.

गृहपाठ एकच दिला: आजाराचं नाव न घेता रोज एकदा सीट मागायची.

पंधरा दिवसांनी आल्या त्या हसतच. "पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. शीव गेलं, कुर्ला गेलं. मग एकीला म्हटलं, दमलेय हो, जरा सरकता का? ती म्हणाली, बस ना, मी भांडुपला उतरतेच आहे."

"आणि भांडी?"

"काल ह्यांना सांगितलं, मी थकलेय. तर म्हणाले, का, रिपोर्ट आला का?"

"मग?"

"म्हटलं, नाही आला. तुम्ही लावा."