क्विझमध्ये वाद का होतात?

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ब्रिटिश पबमधल्यासारखी लेखी क्विझ घ्यायची आहे. प्रश्न कसे काढावेत? मागच्या वेळी उत्तरांवरून वाद झाले.

उत्तर : वादाचं मूळ बहुतेकदा प्रश्नाच्या शब्दांत असतं. ‘ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर’ म्हणजे स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. तिथे ‘इंग्लंडमधलं’ म्हटलंत, की उत्तर स्काफेल पाइक होतं, ९७८ मीटर. ‘भारतातली सर्वांत लांब नदी’ हा प्रश्न तर टाळाच. लांबी देशाच्या हद्दीतली मोजायची की उगमापासूनची, यावर उत्तर बदलतं. ‘त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर कोणती नदी उगम पावते?’ यात फाटे फुटत नाहीत, आणि नाशिककरांना सुरुवातीला हुरूपही येतो.

चार ते सहा जणांचा संघ, दहा प्रश्नांच्या पाच फेऱ्या. प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा. फेरी संपली की आधी कागद गोळा करा, मगच उत्तरं सांगा. नाहीतर खाडाखोड होते. दहापैकी निदान चार प्रश्न सगळ्यांना येतील असेच हवेत.

बरोबरी झाली तर आकडा विचारा : कळसूबाईची उंची किती मीटर? १,६४६च्या सर्वांत जवळचा जिंकला.