फुटलेल्या लाटण्याबद्दल

प्रिय इरा,

परवा लाटणं फुटलं तेव्हा मी फार गप्प झाले, ते तुला कळलं. चूक माझीच होती. घाईत पोळपाट आणि लाटणं दोन्ही डिशवॉशरमध्ये ठेवली आणि सकाळी उघडून बघते, तर लाटण्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन फाका झाल्या. तू म्हणालीस, "आई, दुसरं आणू की. लाकूड ते लाकूडच ना? तुमच्याकडे त्याला एवढी नावं कशाला लागतात?" तेव्हा कणीक भिजवून ठेवलेली होती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. ते आज सांगते. पत्र लांबणार आहे. बसमध्ये सावकाश वाच, शब्द अडला तर रात्री विचार.

आधी तुझ्या बॅटचं बघ. ती विलोच्या लाकडाची आहे. हलकं असूनही वेगानं आलेला चेंडू झेलून न चिरफळणारं हे लाकूड. तीच बॅट ओकची केली असती तर तुला ती दहा मिनिटंही पेलली नसती. म्हणजे लाकूड ते लाकूडच नव्हे, हे तुझ्या हातांना आधीच माहीत आहे.

ते लाटणं शिसवीचं होतं. माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, सावंतवाडीजवळच्या एका गावात सुतार होते. आजीच्या लग्नात त्यांनी ते स्वतः करून दिलं, आणि आजीनं मी इकडे इंग्लंडला यायला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत घातलं. शिसवी काळपट, जराशी जांभळट झाक असलेली आणि वजनाला भारी. पोळी लाटताना आपण जोर लावतो असं वाटतं, पण अर्धं काम लाटण्याचं वजन करतं. शिवाय ते लाकूड दाट, त्यामुळे पीठ त्याच्यात शिरत नाही आणि ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ होतं. आजोबांनी आजीला ते देताना मालवणीत सांगितलं होतं, "ह्यां पाण्यात बुडव नको गो, फुटतलां." आजीनं मलाही तसंच्या तसं सांगितलं होतं. म्हणून मी गप्प झाले.

ते फुटलं का, हेही समजून घे. तोडल्यावर कितीही वर्षं गेली तरी लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, पण आडवं फुगतं आणि आडवंच आक्रसतं. आमच्या कोकणातल्या घराचं पडवीचं दार दर पावसाळ्यात चौकटीत अडकायचं, खांदा लावून ढकलावं लागायचं, आणि दिवाळीनंतर आपोआप नीट लागायला लागायचं. दाराला त्यासाठी चार महिने मिळायचे. डिशवॉशरनं लाटण्याला आधी गरम पाणी पाजलं आणि लगेच गरम हवेनं वरचा थर सुकवला. वरचं लाकूड आक्रसू लागलं, आतलं अजून फुगलेलंच. मग ते उभ्या रेषेत फाटणारच.

म्हणूनच आजोबा ओल्या लाकडाला हात लावायचे नाहीत. ओंडका सावलीत, जमिनीपासून उचलून, दोन-दोन पावसाळे पडून असायचा. लाकूड 'मुरलं' की नाही हे बघायला ते आधी बोटाच्या पेरानं ठोकायचे, मग रंध्याखालून निघालेल्या ताज्या ढलपीचा वास घ्यायचे. मी बाजूला बसून ढलप्या बोटांना गुंडाळत असे. सागाच्या ढलपीला तेलकट, जरा चामड्यासारखा वास येतो. फणसाची ढलपी हळदीसारखी पिवळीधमक.

फणसाचं सांगते, कारण तो आपल्या घरात आहे. गणपती बसवतो तो पाट फणसाचा आहे. मागच्या वर्षी तू विचारलं होतंस की पांढरं प्लास्टिकचं स्टूल का चालत नाही. चालत नाही असं शास्त्र मी तुला सांगणार नाही. कोकणात फणस घराच्या मागेच उभा असतो. त्याचे गरे खाऊन चार पिढ्या वाढतात, आणि तो म्हाताऱ्या वयात फळ धरेनासा झाला की मग त्याची दारं, खांब, देव्हारे आणि पाट होतात. आपण ज्याच्या जिवावर वाढलो त्याच्यावर देव बसवायचा, एवढं मला पुरतं. पण नुसतं प्रेम नाही, लाकूडही तसं आहे. त्याच्या आतल्या गाभ्याला, ज्याला सुतार 'नार' म्हणतात, वाळवी सहसा लागत नाही. ब्रह्मदेशात याच गाभ्याच्या तुकड्यांचा रंग काढून भिक्षूंची वस्त्रं रंगवत. नवा पाट पिवळा असतो, उजेड खात खात तो गुळासारखा तपकिरी होतो. आज घरी आलीस की आपला पाट उलटा करून बघ. वरची बाजू चाळीस वर्षांत गडद झाली, खालची अजून पिवळसर आहे. मधोमध आजोबांच्या वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, ठसे दिसतील, कारण खालची बाजू कोण बघणार म्हणून ती त्यांनी रंधली नव्हती. माझ्या दृष्टीनं त्या पाटाची ती बाजू जास्त सुंदर आहे.

आता अगदी उलटं लाकूड. पांगारा. अंगावर काटे, आणि फाल्गुनाच्या सुमाराला एक पान नसताना झाड लालभडक फुलांनी पेटतं. घर बांधायला त्याला कोणी विचारत नाही, कारण लाकूड मऊ, हलकं आणि पोकळ वाटावं असं. पण तुझी भातुकली आठवते ना, ते छोटं जातं, चूल, पोळपाट? सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली. तशी खेळणी पांगाऱ्याची करत आले, ती नेमकी तो मऊ आणि हलका आहे म्हणून. बाळाच्या मुठीला पेलतं, पायावर पडलं तर लागत नाही, आणि कातायला हत्यार लोण्यातून गेल्यासारखं जातं.

रंग कसा चढतो ते मी लहानपणी तासभर बघत उभी राहिले होते. लेथवर खेळणं गरगर फिरत असतं. कारागीर रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर दाबतो. ब्रश नाही, डबा नाही. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि फिरत्या लाकडावर पसरत जाते. एका क्षणी फिकट लाकूड असतं, दुसऱ्या क्षणी लाल कडं. मग वरून पानानं किंवा फडक्यानं दाबून चकाकी आणतात. मला तेव्हा वाटलं होतं की लाल रंग लाकडातूनच बाहेर येतोय.

खैर मात्र हट्टी. जड, कठीण, म्हणून त्याची मुसळं करत. मी "सगळं मुसळ केरात" म्हणते तेव्हा तू हसतेस. उखळात कांडायचं ते मुसळ हे, माझ्या छातीपर्यंत येणारा खैराचा सोटा, टोकाला लोखंडी कडं. त्याच खैराच्या गाभ्याच्या चिपा उकळून विड्याचा कात निघतो.

बाबांच्या गावाकडे, पंढरपूरच्या बाजूला, यातलं काहीच नाही. तिथे पाऊस कमी, तिथली राणी बाभूळ. काटेरी, वाकडीतिकडी, कुठल्याही बांधावर उगवणारी, आणि चिवट अशी की नांगर तिचा, बैलगाडीचं चाक तिचं. चाकाच्या मधल्या गोळ्याला तुंबा म्हणतात, त्यातून निघणाऱ्या दांड्यांना आरे, आणि बाहेरच्या लोखंडी पट्टीला धाव. ही धाव बसवणं हा गावातला सोहळा असायचा, बाबांना विचार, ते अजून डोळे मोठे करून सांगतात. पट्टीचं कडं चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवलं की लोखंड फुगतं. मग चार माणसं सांडशींनी उचलून ते चाकावर बसवतात, लाकडाचा धूर निघतो, घणानं ठोकतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आक्रसतं आणि सगळे आरे, सगळे सांधे करकचून आवळले जातात. खिळा न मारता. मात्र लाकूड मुरलेलं नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात ते सुकून आक्रसतं आणि धाव सैल होते. अशा कामांबद्दल सुताराला पूर्वी पैसे मिळत नसत, सुगीला धान्य मिळे. त्याला बलुतं म्हणत. चाक निखळलं तर सुतार त्याच गावात असायचा, उत्तर त्यालाच द्यावं लागायचं. मला वाटतं, लाकडाची इतकी बारीक पारख त्यातूनही आली असेल.

कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण घेत, कारण ती लवचीक. घाव घातल्याचा झटका हाताला बसत नाही. इथले लोक हेच काम अ‍ॅशच्या लाकडाकडून करून घेतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

गाण्याच्या ताईंचा तंबोराही यातलाच. तो मिरजेचा आहे. मिरजेत सतारमेकर घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, आणि एकोणिसाव्या शतकात ते हत्यारांकडून तारांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खालचा मोठा गोल लाकडाचा नाही, तो वाळवलेला भोपळा आहे, आणि ते भोपळे बाबांच्याच पंढरपूर भागात पिकतात. दांडी आणि वरची तबली तुनीच्या लाकडाची. तुनी हलकी, तार छेडली की सगळं अंग थरथरतं. पुढच्या वेळी ताईंची परवानगी घेऊन तबलीवर हलकेच तळवा ठेव आणि त्यांना षड्‌ज छेडायला सांग. शिसवीचं दाट लाकूड तिथे लावलं असतं तर आवाज आतच दबला असता.

सागाचं शेवटी ठेवलं, कारण त्याच्यासाठी आपल्याला न्यूकॅसलहून फार लांब जायचं नाही. हार्टलपूलला एक जहाज उभं आहे, एच.एम.एस. त्रिंकोमाली. ते मुंबईच्या गोदीत बांधलं आणि 1817 साली पाण्यात सोडलं. बांधणारे वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी. हे पारशी घराणं 1736 साली सुरतेहून मुंबईला आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधत राहिलं. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक कमी पडू लागला होता, म्हणून मुंबईत सागाची जहाजं बांधून घेतली. या जहाजाचा साग मलबारचा.

ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, त्यामुळे खिळा गंजत नाही, वाळवी शिरत नाही, आणि समुद्राचं पाणी त्याला सहजी कुजवत नाही. फक्त सुताराचे हाल होतात. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, करवतीची धार पटकन जाते. आजोबा साग कापायला घेतला की कानस जवळ ठेवूनच बसायचे. आणि सागाचं कोवळं पान चुरगळलं की तळहात लाल होतात. आम्ही मुलं मेंदी म्हणून ते खेळायचो.

त्रिंकोमाली आजही पाण्यावर आहे, अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी. लंडनला, एडिंबराला सगळे जातात. मला तुला तिथे न्यायचं आहे. ज्या गोदीच्या शहरातून मी विमानात बसले, तिथल्याच सुतारांनी तासलेल्या फळ्या तुझ्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. शनिवारी जाऊ.

राहिलं लाटण्याचं. शिसवीवर आता जगभर नियम आहेत, 2017 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. झाडं फार तुटली, त्यामुळे ते योग्यच आहे. म्हणून नवीन लाटणं इथल्या लाकडाचं करू. इथले जुने सुतार स्वयंपाकघरासाठी बीच आणि सिकमोर घ्यायचे, दोन्ही दाट, आणि अन्नाला वास लागू देत नाहीत. तुझ्या डीटीच्या (डिझाइन आणि टेक्नॉलॉजीच्या) सरांना विचार, शाळेच्या लेथवर करता येईल का. ते पाइनचा तुकडा देतील, तो घेऊ नकोस. पाइन मऊ, आणि त्याचा राळेचा वास पोळीला लागेल. बीच आणि सिकमोरचे तुकडे हातात घेऊन बघ, पेरानं ठोकून बघ, जो जड लागेल आणि स्वच्छ वाजेल तो घे. लांबी जुन्याएवढी नको, तुझ्या दोन्ही तळव्यांमध्ये बसेल एवढी कर.

फुटलेलं मी टाकलेलं नाही. दोन फाका आहेत, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं गोल. काल रात्री त्या हातात धरून एकमेकींवर आपटल्या आणि इतका खणखणीत आवाज आला की बाबा वरून खाली आले. त्याच्या चिपळ्या करू. भोकं बाबा पाडतील. पितळेच्या चकत्या तुझी आजी पंढरपूरच्या बाजारातून पाठवते म्हणाली आहे, माप कळव एवढंच तिचं म्हणणं. पट्टी घेऊन ये, आज रात्री मोजू.

तुझी
आई