बागेची पत्रपेटी : फ्युशियाच्या संस्थेत नाव घालावं का?

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी उटीहून फ्युशियाची दोन रोपं आणली. आणली तेव्हा झुमक्यांनी लगडली होती. नाशिकच्या थंडीत नुसती पानं आली आणि मे महिन्यात दोन्ही रोपं गेली. माझी भाची इंग्लंडमध्ये असते. ती म्हणते, तिकडे फक्त फ्युशियासाठी संस्था आहेत, तुझं नाव घालते आणि येताना लावायला फ्युशियाच्या चार काड्याही घेऊन येते. इथे गच्चीवर बसून अशा संस्थेचा मला काय उपयोग होईल?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काड्यांचं आधी सांगते, म्हणजे भाची विमानात बसायच्या आत निरोप पोचेल. आणू नका. आयातीचा परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय काडी देशात आणता येत नाही, आणि त्यामागचं कारण फार खरं आहे. फ्युशियावर डोळ्यांना न दिसणारा एक कोळी (माइट ही कीड) पडतो. तो ब्राझीलकडचा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, २००७ मध्ये इंग्लंडमध्ये. शेंडे सुजून वेडेवाकडे होतात आणि फुलं येणं थांबतं. वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतूनही तो येऊ शकतो.

नाव मात्र जरूर घाला. अमेरिकन फ्युशिया सोसायटी १९२९ पासून आहे, ब्रिटिश फ्युशिया सोसायटी १९३८ पासून. मी स्वतः अकरा वर्षं एका परदेशी संस्थेची सभासद आहे आणि तिथे पहिली गोष्ट शिकले ती नावाची किंमत. आपल्याकडच्या रोपवाटिकेत चिठ्ठीवर नुसतं ‘फ्युशिया, गुलाबी’ लिहिलेलं असतं. तुम्ही नाशिकच्या, म्हणून द्राक्षाचं उदाहरण देते. थॉमसन आहे की शरद, हे विचारल्याशिवाय आपला बागाईतदार पुढे एक शब्द बोलत नाही. फ्युशियाच्या मूळ जातीच शंभरावर आहेत आणि माणसाने केलेले वाण हजारोंनी. एकच नाव दोन वाणांना पडू नये म्हणून जगभरच्या नव्या वाणांची नोंद अमेरिकन संस्था ठेवते. नाव माहीत असेल तरच तुम्हाला प्रश्न विचारता येतो.

तुमची थंडीतली नुसती पानं हा असाच एक प्रश्न. माझ्या ‘स्विंगटाइम’ या वाणाचंही तेच झालं होतं. बाहेर लाल निदलं (पाकळ्यांबाहेरचं आवरण), आत पांढऱ्या पाकळ्यांचा भरगच्च घेर, अशी ती फुलते. दोन हिवाळे मी खत बदलत राहिले. शेवटी संस्थेत पत्र लिहिलं, तर एका जुन्या सभासदाने उलट विचारलं, ‘तुमच्याकडे डिसेंबरात दिवस किती तासांचा?’ साधारण अकरा. बऱ्याच वाणांना कळी धरायला बारा तासांहून मोठा दिवस लागतो! त्यानंतर जानेवारीच्या सुरुवातीपासून मी बाल्कनीत कुंडीवर संध्याकाळी सहा ते दहा एक एलईडी दिवा लावला. फेब्रुवारीअखेर फुलं आली. त्या एका पत्रात माझी अकरा वर्षांची वर्गणी वसूल झाली असं मी मानते.

एक सावधगिरी बाळगा. संस्थांचं सगळं मार्गदर्शन थंड मुलखातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. हिवाळ्यात रोप कसं जगवावं, यावर पानंच्या पानं. आपला वैरी एप्रिल-मे. त्यामुळे त्यांचं पंचांग फिरवून घ्यावं लागतं. त्यांचा वसंत म्हणजे आपला ऑक्टोबर. तेव्हा छाटणी करा, फुटव्याला दोन-तीन जोड पानं झाली की शेंडा खुडा, तोही पुन्हा फुटला की पुन्हा खुडा. शेवटच्या खुडणीनंतर साध्या, चार पाकळ्यांच्या फुलांना अंदाजे दोन महिने लागतात, भरगच्च फुलांना आणखी दोन-तीन आठवडे. नोव्हेंबर संपला की कात्री ठेवून द्या.

आता मे महिना. तुमची रोपं पाण्याने गेली असावीत अशी मला दाट शंका आहे, कारण माझी पहिली तीन तशीच गेली. दुपारी पानं माना टाकतात, आपला जीव कळवळतो, आपण तांब्याभर पाणी ओततो. पण माती ओली असताना माना टाकलेली फ्युशिया तहानलेली नसते, ती उन्हाने दमलेली असते. गरम, ओल्या मातीत मुळं कुजतात. आधी मातीत बोट घाला. ओल लागली तर कुंडी नुसती सावलीत सरकवा, संध्याकाळी पानं आपोआप वर येतात. मी मार्चपासून कुंडी पूर्वेच्या भिंतीशी ठेवते, मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी, मधल्या फटीत ओली वाळू. मेमध्ये फुलांची अपेक्षा करत नाही. रोप जगलं की झालं.

पुन्हा घ्यायची असेल तर ‘ट्रायफिला’ गटातली घ्या. लांब नळीसारखी शेंदरी फुलं, पानं मागून जांभळट. हा गट ज्या जातीवरून आला ती कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरची, त्यामुळे उष्मा जरा जास्त सोसते. प्लूमिए या फ्रेंच धर्मगुरूने तिचं वर्णन १७०३ मध्ये छापलं आणि लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं. खरं तर ‘फुक्सिया’च म्हणायला हवं.

आणखी एक मनातलं. परदेशी संस्था उत्तरं देईल, पण शेजारची कुंडी दाखवणार नाही. द्राक्षवाले एकमेकांच्या बागेत शिवारफेरी करतात, तशी चार-पाच घरांची गच्चीफेरी नाशिकमध्ये व्हावी असं मला फार वाटतं. गंगापूर रोडला आम्ही तिघी आहोत. माझ्या ट्रायफिलाची छाटणी दसऱ्यानंतर होईल. सहा काड्या तुमच्यासाठी कोकोपीटमध्ये लावून ठेवते, नावाच्या चिठ्ठीसकट.

प्रश्न : फुलं गळल्यावर जांभळी फळं धरली आहेत. नात विचारते, खाऊ का?
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : खाऊ द्या. फ्युशियाची फळं विषारी नसतात. पूर्ण पिकून मऊ झालेली तोडा. चव वाणागणिक बदलते, काही गोडसर, काही अगदी फिकी. मात्र त्या रोपावर कोळ्यासाठी औषध मारलं असेल तर यंदाची फळं नकोत.