रोज चालते, तरी उठताना हात टेकावे लागतात

"माझं वय ६६. रोज पाऊण तास चालते, कधी खंड नाही. तरी हल्ली खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. नातवंडं जमिनीवर खेळायला बोलावतात, तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगते. खरी भीती ही, की खाली बसले तर उठता येणार नाही. मुलं म्हणतात, आता आराम कर. माझं काय चुकतंय?"

ताई, चालण्याने तुमचं हृदय आणि दमसास टिकून आहे, ते मुळीच सोडू नका. पण सपाट रस्त्यावर मांड्यांना तुमचं वजन खालून वर उचलावं लागत नाही. वयानुसार स्नायू झिजतात, आणि त्यातही झटकन जोर लावणारे तंतू जास्त. खुर्चीतून उठणं, ठेच लागल्यावर तोल सावरणं ही त्यांचीच कामं. आरामाने ही झीज वाढते, म्हणून मुलांचं म्हणणं मायेचं असलं तरी ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंचा, आणि ६५ नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. हे दोन तुमचे राहून गेलेत.

आधी मोजा. खुर्चीत बसा. हातांची छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा त्यातून पूर्ण उभं राहता येतं? ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. हात टेकले तर आकडा शून्य. शून्य आला तरी खचू नका, तारीख घालून लिहून ठेवा.

मग तीच खुर्ची व्यायामाला घ्या. चाकांची नको, खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली हवी. पुढे सरकून बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका. मगच उठा. इथेच बहुतेकांचं चुकतं: ताठ बसूनच उठू पाहतात, वजन मागे राहतं आणि हात खाली जातात. तरी जमलं नाही तर बैठकीवर घट्ट घडी केलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. खाली बसताना चार आकडे मोजत या, धपकन बसू नका, कारण मांड्यांना खरी ताकद या सावकाश उतरण्यातूनही मिळते. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास रोखला जाणार नाही. रोखला की रक्तदाब चढतो. आठ-आठच्या दोन फेऱ्या, दिवसाआड. बारा सहज जमू लागले की हातात एक किलोचं वजन धरा.

तोलासाठी ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचला, मग एका पायावर दहा सेकंद उभं राहा. हळूहळू पकड एका बोटावर आणा.

गुडघा थोडा कुरकुरला तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलं, तर बैठक उंच करा आणि संख्या घटवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुरुवातच त्यांना विचारून करा. आणि जेवणात प्रथिनं हवीतच: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, तिन्ही वेळांत वाटून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दोनेक महिन्यांनी जमिनीवर बसून पाहा. जवळ भक्कम खुर्ची ठेवा आणि मुलांपैकी एकाला शेजारी उभं करा, आरामाचा आग्रह धरणाऱ्यालाच. उठताना कुशीवर वळा, कोपर टेका, हात-गुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत सरका. दोन्ही हात बैठकीवर, जोरकस पाय पुढे, आणि त्या पायावर भार देत वर या. ओढून उठवायला मुलाला सांगू नका, खांद्याला इजा होते. त्याने फक्त खुर्ची धरायची.